विहीणबाईंचं एक वाक्य

पत्र:

प्रिय ताई,
माझं वय ५६. मुलगी लग्नानंतर फ्रान्समधल्या ल्योंला स्थायिक झाली, जावई तिथलेच. विहीणबाईंना फ्रेंचशिवाय दुसरी भाषा येत नाही. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही तिकडे जाणार आहोत, म्हणून तीन महिन्यांपासून घरीच फ्रेंच शिकते आहे. वहीत दोन रकाने केले, डावीकडे फ्रेंच आणि उजवीकडे मराठी. असे सहाशे शब्द पाठ केले. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर विहीणबाई माझ्याकडे बघून एक वाक्य बोलल्या. मला त्यातलं अक्षरही कळलं नाही, मी नुसती हसले. मुलीनं नंतर सांगितलं, त्या एवढंच म्हणत होत्या की पाऊस पडतोय म्हणून आम्ही घरीच आहोत. यातला प्रत्येक शब्द माझ्या वहीत आहे! मग कळला का नाही? या वयात डोक्यात राहत नाही, असं समजायचं का? क्लास लावून परीक्षा द्यावी, की नाद सोडून द्यावा?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

नाद सोडू नका. आणि वयाला दोष देऊ नका, कारण दोष वयाचा नाही. सहाशे शब्द पाठ होतात त्या डोक्याला काहीही झालेलं नाही. तुमचं पत्र वाचून मी आधी विहीणबाईंचं ते वाक्य कागदावर लिहून पाहिलं. त्या बहुधा असं म्हणाल्या असतील: ‘इल प्ल, आलोर ओं रेस्त आ ला मेझों.’ आता ते तुमच्या वहीशेजारी ठेवून बघू या.

वहीत तुम्ही ‘प्लव्हुआर म्हणजे पाऊस पडणे’ असं लिहिलं असणार. शब्दकोशात क्रियापद तसंच मिळतं. पण पाऊस पडत असताना कोणी ‘प्लव्हुआर’ म्हणत नाही, ‘इल प्ल’ म्हणतात. घाईत तर त्यातला ‘ल’ही गळतो आणि कानावर फक्त ‘इप्ल’ येतं. ‘प्लव्हुआर’सारख्या लांब शब्दाची वाट पाहणाऱ्या कानाला ते एवढंसं ‘प्ल’ सापडणार कसं? पुढे ‘आम्ही’. वहीत ‘नू’ असेल, सगळ्या पुस्तकांत तेच असतं. बोलताना मात्र फ्रेंच माणसं बहुतेक वेळा ‘नू’ऐवजी ‘ओं’ म्हणतात. म्हणजे ‘आम्ही’ हा शब्द तुम्हाला येत होता आणि विहीणबाईंनी तो वापरलाच नव्हता. नंतर ‘रेस्ते’ म्हणजे राहणे, थांबणे. इंग्रजीतल्या ‘रेस्ट’च्या आठवणीनं तुम्ही त्याच्यापुढे ‘विश्रांती’ लिहिलं नसेल ना, तेवढं तपासा, कारण अनेकांची तिथे गफलत होते. तो ‘रेस्ते’ वाक्यात ‘रेस्त’ झाला आणि पुढच्या ‘आ’ला चिकटला. राहता राहिलं ‘मेझों’, म्हणजे घर. ते शेवटी आलं, तोवर तुमचा धीर सुटला होता.

प्रत्यक्षात तुमच्या कानावर जे पडलं ते असं: ‘इप्ल, आलोरों रेस्तालामेझों.’ हे मोठ्यानं तीनदा म्हणा. आता पुन्हा विहीणबाई हेच बोलल्या तर तुम्हाला कळेल की नाही?

माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आलं. तुम्ही शब्द डोळ्यांसाठी शिकलात, एकेकटे, शब्दकोशात उभे असतात तसे. बोलण्यात शब्द कधी एकटा येत नाही. त्याच्या मागेपुढे कोणीतरी असतं आणि त्या सोबतीनं त्याचा आवाज बदलतो. तेव्हा शब्द त्याच्या सोबतीसकट उचलायचा, तोही आधी कानानं.

हे चिकटणं तुम्हाला परकं वाटू नये. शाळेत आपण संधी शिकलो, सूर्य अधिक उदय म्हणजे सूर्योदय. फ्रेंच माणूस बोलता बोलता अशीच संधी करत असतो. ‘ले’ म्हणजे अनेकवचनातलं उपपद, इंग्रजीतल्या ‘द’सारखं, आणि ‘आमी’ म्हणजे मित्र. दोन्ही जोडले की ‘लेझामी’. मधला ‘झ’ आला कुठून? ‘ले’च्या शेवटी लिहिण्यात एक ‘एस’ असतो. एरवी तो गप्प बसतो, पुढे स्वर आला की बोलतो. दहा या आकड्याचं तर ऐकण्यासारखं आहे. नुसता म्हटला तर ‘दीस’. पुढे व्यंजन आलं तर ‘दी’, म्हणून दहा पुस्तकं म्हणजे ‘दी लीव्र’. पुढे स्वर आला तर ‘दीझ’, म्हणून दहा वाजले की ‘दीझर’. एकाच शब्दाचे तीन आवाज आहेत आणि वहीच्या रकान्यात त्यांतला एकच मावतो.

म्हणून महिनाभर नवा शब्द घेऊ नका. एकही नाही. असलेल्या सहाशेंतून शंभर निवडायचे आणि ते जिवंत करायचे.

कुठले शंभर, यासाठी एक जुनी हकीकत सांगते, ती मला फार मोलाची वाटते. १९५०च्या दशकात फ्रान्सच्या शिक्षण खात्यासाठी ज्योर्ज गुगेनाइम या भाषाशास्त्रज्ञांच्या चमूनं साध्या माणसांची बोलणी टेपवर ध्वनिमुद्रित केली आणि कुठला शब्द किती वेळा येतो ते मोजलं. परदेशी माणसाला फ्रेंच शिकवताना सुरुवात कुठून करायची, ते त्यांना ठरवायचं होतं. मोजणीत वर आले ते सगळे चिमुकले शब्द: असणे, जवळ असणे, मी, ते, नाही, ला, चा, पण, मग. रोजच्या वस्तूंची नावं मात्र फारच थोड्या वेळा आली. काट्याचमच्याला आपण दिवसातून तीनदा हात लावतो, पण तासभर बोललो तरी त्याचं नाव घेत नाही. ते लागतं तेव्हा मात्र दुसऱ्या कशानं भागत नाही. म्हणून त्यांनी शाळेतल्या मुलांना विषय देऊन, म्हणजे शरीर, कपडे, घर वगैरे, सुचतील ते शब्द लिहायला लावले आणि त्यांतून दुसरी यादी केली. दोन्ही मिळून पहिल्या टप्प्याचा शब्दसंग्रह जेमतेम दीड हजारांचा झाला.

तुम्हीही तशाच दोन पिशव्या करा. पहिलीत बारीक शब्द, ते निवडायचे नसतात, सगळे लागतातच. एत्र (असणे), आव्हुआर (जवळ असणे), आले (जाणे), फेर (करणे) ही चार क्रियापदं, आणि आव्हेक (सोबत), पूर (साठी), मे (पण), त्रे (खूप), इसी (इथे), देमँ (उद्या) असे पंचवीसेक शब्द. दुसरीत तुमचे आणि विहीणबाईंचे विषय. तुम्ही दोघी काय बोलणार? हवापाणी, तब्येत, लेक-जावई, घर, प्रवास, कोण कधी येणार. प्राण्यांची नावं, चाळीस व्यवसाय, दहा वाद्यं पाठ केली असतील तर राहू द्या वहीत, कुठे जात नाहीत ती. आधी तब्येतीची चौकशी करता आली पाहिजे.

क्रियापदांच्या रूपांची धास्ती घेतली असेल तर एक दिलासा देते. ‘पार्ले’ म्हणजे बोलणे. पुस्तकात त्याची सहा रूपं छापतात आणि वाचणारा घाबरतो. कानाला ऐका: मी, तू, तो, ती, ते सगळे, आणि बोलण्यातला तो ‘ओं’, या सर्वांना एकच आवाज, ‘पार्ल’. लिहिताना शेपट्या वेगळ्या, बोलताना एकच. ‘तुम्ही’ला तेवढं ‘पार्ले’. म्हणजे बोलण्यापुरती दोनच रूपं. याच घरातली क्रियापदं फ्रेंचमध्ये सगळ्यात जास्त आहेत.

आता लिंग. टेबल बाई का आणि पुस्तक बुवा का, यावर इंग्रजीतून फ्रेंच शिकणारी माणसं फार अडतात. आपल्याला अडायचं कारण नाही. आपल्याकडे तर दोन नव्हे, तीन लिंगं. दार ते, पण दरवाजा तो. वस्तू एकच, लाकूडही तेच. लिंग वस्तूला नसतं, शब्दाला असतं, हे मराठी माणसाला न शिकवता येतं. फ्रेंचमध्येही सायकलला ‘व्हेलो’ म्हणा, पुल्लिंगी, नाहीतर ‘बिसिक्लेत’ म्हणा, स्त्रीलिंगी. फक्त आपली लिंगं तिकडे नेऊ नका. आपला चंद्र तो, त्यांची ‘ल्युन’ ती. आपलं घर ते, त्यांची ‘मेझों’ ती.

करायचं काय, तर शब्द उपपदासकट लिहायचा. नुसतं ‘मेझों’ नाही. आणि उपपद ‘ल’ (पुल्लिंगी) किंवा ‘ला’ (स्त्रीलिंगी) न घेता ‘अँ’ (पुल्लिंगी ‘एक’) किंवा ‘युन’ (स्त्रीलिंगी ‘एक’) घ्या. कारण सांगते. शब्द स्वरानं सुरू झाला की ‘ल’ आणि ‘ला’ दोघंही आखडतात आणि नुसता ‘ल्’ उरतो. ‘लेकोल’ म्हणजे शाळा. यावरून ती तो की ती, काही कळत नाही. ‘युन एकोल’ म्हटलं की कळलं, ती. ‘अँ नार्ब्र’ म्हणजे झाड, तो. लिंग बदललं की अर्थ बदलतो अशीही काही जोडपी आहेत. ‘ला तूर’ म्हणजे मनोरा, म्हणून १८८९ सालची ती ‘ला तूर एफेल’. ‘ल तूर’ म्हणजे फेरी, म्हणून १९०३ पासूनची सायकलशर्यत ‘ल तूर द फ्राँस’. ही जोडी एकदा मनात बसली की उपपद गाळावंसं वाटत नाही.

शब्दांच्या शेपटांवरूनही बरंच ओळखता येतं. ‘सियों’नं संपणारे बहुतेक स्त्रीलिंगी, ‘माँ’नं संपणारी नामं बहुतेक पुल्लिंगी. अपवाद आहेत, आत्ता त्यांच्या मागे लागू नका. लिंग चुकलं तरी विहीणबाईंना तुमचं म्हणणं कळेल. २०२० साली कोविड हा शब्द नवा होता, तेव्हा तिथे बहुतेक लोक ‘ल कोव्हिद’ म्हणत होते आणि १६३५ पासून भाषेवर नजर ठेवणारी फ्रेंच अकादमी सांगत होती की ‘ला कोव्हिद’ म्हणा. लोक आपलं ‘ल’च म्हणत राहिले. जन्मानं फ्रेंच असलेल्यांचंही एकमत झालं नाही.

विशेषणांना एक युक्ती लागू पडते. आपल्या मोठा-मोठीसारखंच तिथे बदलतं, पण फरक शेवटच्या व्यंजनात ऐकू येतो. लहान म्हणजे पुल्लिंगी ‘पती’, स्त्रीलिंगी ‘पतीत’. मोठा ‘ग्राँ’, मोठी ‘ग्राँद’. हिरवा ‘व्हेर’, हिरवी ‘व्हेर्त’. तेव्हा स्त्रीलिंगी रूप आधी शिका. त्याचं शेवटचं व्यंजन गाळलं की बहुतेक वेळा पुल्लिंगी हाती येतं. उलटीकडून गेलात तर कुठलं व्यंजन जोडायचं ते प्रत्येक वेळी वेगळं पाठ करावं लागतं.

उच्चारांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण त्याशिवाय शब्द कानात बसणार नाही. मराठी जिभेला फ्रेंच सोपी जाते अशी एक जागा आहे, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. इंग्रजीच्या सवयीनं आपण ‘टेबल’, ‘टॅक्सी’, ‘डेट’ असं ट-डनं बोलतो. फ्रेंचमध्ये ट नाही, ड नाही. तिथे जीभ दातांना लागते, आपल्या त आणि द सारखी. ‘ताब्ल’, ‘ताक्सी’, ‘दात’. प आणि कही आपल्यासारखेच, फुंकर न मारता. फ्रेंच बोलताना मनातून इंग्रजी बाजूला सारा आणि मराठीतून थेट उडी मारा, निम्मा उच्चार आपोआप सुधारतो.

अवघड जाणाऱ्या जागा दोन. एक ‘त्यु’ (तू) मधला स्वर. ‘ई’ म्हणायला जीभ जिथे ठेवता तिथेच ठेवायची आणि ओठ ‘ऊ’सारखे गोल करायचे. आरशासमोर करा. हा स्वर जमला नाही तर ‘दस्यु’ म्हणजे वर आणि ‘दसू’ म्हणजे खाली यांत घोटाळा होतो. चावी कुठे ठेवली ते विचारताना हा फरक लागतोच. दुसरी जागा नाकातल्या स्वरांची. ‘व्हँ’ म्हणजे द्राक्षांची दारू, ‘व्हाँ’ म्हणजे वारा, ‘व्हों’ म्हणजे ते जातात. तीन वेगळे शब्द, आणि तिन्हींच्या शेवटी ‘न’ उच्चारायचा नाही, आवाज नाकात सोडून द्यायचा.

एक पथ्य मात्र पाळा. मी इथे सगळं देवनागरीत लिहिते आहे कारण हे सदर मराठी आहे. तुमच्या वहीत असं करू नका. या लिपीत तो ‘त्यु’ खरा उतरत नाही, ‘प्ल’मधला स्वर तर मुळीच नाही, आणि ‘बोंजूर’चा ‘ज’ हा आपला ज नाही की झ नाही. एकदा वहीत ‘बोंजूर’ लिहिलं की डोळा तेच वाचत राहतो आणि कान झोपतो. फ्रेंच शब्द रोमन लिपीत, फ्रेंच स्पेलिंगनंच लिहा, आणि आवाज ऐकल्याशिवाय शब्द वहीत येऊ देऊ नका. टीव्ही फाइव्ह मोंद या फ्रेंच वाहिनीचं शिकणाऱ्यांसाठी मोफत संकेतस्थळ आहे, अगदी पहिल्या पायरीचे धडेही त्यावर आहेत. तिथून सुरू करा. बातम्यांच्या वाटेला इतक्यात जाऊ नका.

आता वहीचं काय करायचं ते. दोन रकान्यांची वही बंद. जाड कागदाचे पत्त्याएवढे तुकडे कापा. एका बाजूला मराठीत प्रसंग लिहा, दुसऱ्या बाजूला फ्रेंचमध्ये छोटं वाक्य. ‘चावी = क्ले’ असं नाही. मराठी बाजूला ‘चावी सापडत नाहीये, जावयांना विचारायचंय’, आणि मागे ‘ऊ ए ला क्ले?’ (चावी कुठे आहे?). मराठी बाजू बघून फ्रेंच मोठ्यानं म्हणायचं, मग उलटून बघायचं. ही दिशा महत्त्वाची आहे. तुम्ही आजवर फ्रेंच बघून मराठी आठवत होतात, पण बोलताना वाट उलटी असते.

एक क्ले घेतली की तिच्याभोवती वाक्यं फिरवा. ‘जे ला क्ले’, चावी माझ्याकडे आहे. ‘ज शेर्श ला क्ले’, चावी शोधतेय. ‘व्हुझाव्हे ला क्ले?’, तुमच्याकडे चावी आहे? हेच साचे उचलून चष्म्याला लावा, फोनला लावा, मुलीला लावा. ‘ऊ ए मा फीय?’, माझी मुलगी कुठे आहे? पाच साचे आणि वीस नामं म्हणजे शंभर वाक्यं. शंभर सुटे शब्द पाठ करण्याहून याला कष्ट कमी पडतात.

पत्ते तपासायची पद्धत झेबास्टियान लाइटनर या जर्मन पत्रकारानं १९७० च्या दशकात लोकप्रिय केली. डब्यात पाच कप्पे करायचे. बरोबर आलेला पत्ता पुढच्या कप्प्यात सरकतो, चुकलेला पहिल्यात परततो. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्यानं, असं अंतर वाढवत न्यायचं. विसरायच्या बेतात असताना आठवलं की ते टिकतं. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विसरण्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ते प्रयोग त्यांनी स्वतःवरच केले होते, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करून. कविता पाठ करायला त्याच्या मानानं कितीतरी कमी कष्ट पडतात, हेही त्यांना दिसलं. तुमच्या रकान्यातल्या शब्दांची त्या निरर्थक अक्षरांसारखी गत झाली होती. सकाळी सात मिनिटं, रात्री सात मिनिटं एवढंच करा. एका बैठकीत तासभर नको.

वारांना तर पत्तेही लागणार नाहीत. लँदी सोमवार, आणि ‘ल्युन’ म्हणजे चंद्र, सोम म्हणजेही चंद्र. मार्दी मंगळाचा, मेर्क्रदी बुधाचा, जदी गुरूचा, व्हाँद्रदी शुक्राचा. पाच वार ग्रहाला ग्रह जुळतात. फक्त साम्दी आणि दिमाँश वेगळ्या मुळातून आलेले, ते तेवढे लक्षात ठेवा. अशा ओळखीच्या खुणा इतरही सापडतात, कारण दोन्ही भाषांचं मूळ फार मागे कुठेतरी एक आहे: ‘दाँ’ म्हणजे दंत, ‘नों’ म्हणजे नाव, ‘सेत’ म्हणजे सप्त, ‘नफ’ म्हणजे नव, ‘जनू’ म्हणजे गुडघा, संस्कृतात जानु. मला स्वतःला या जोड्या सापडल्या की अजूनही आनंद होतो.

आकडे एकोणसत्तरपर्यंत सरळ आहेत. पुढे सत्तर म्हणजे ‘साठ-दहा’ (सुआसाँत-दीस), ऐंशी म्हणजे ‘चार-वीस’ (कात्र-व्हँ), नव्वद म्हणजे ‘चार-वीस-दहा’. एकोणऐंशी म्हणताना ऐंशीतून एक वजा करणाऱ्यांना यात नवल वाटू नये. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तर-नव्वदला ‘सेप्ताँत’, ‘नोनाँत’ असे सुटसुटीत शब्द आहेत, पण तुम्ही ल्योंला जाणार आहात. तिथे फोन नंबर दहा आकडी असतो आणि तो दोन-दोन आकड्यांच्या पाच जोड्यांनी सांगतात. ‘सुआसाँत’ ऐकून ६० लिहिलंत आणि पुढे ‘दूझ’ आला, तर तो आकडा ७२ असतो. म्हणून पेन जोडी संपेपर्यंत उचलून धरा. मुलीला रोज पाच नंबर सांगायला लावा, एवढा सराव पुरतो.

नात्यांच्या शब्दांत मात्र फ्रेंच तुम्हाला तोकडी वाटेल. ‘ओंक्ल’ म्हणजे काका, मामा, दोन्ही. ‘ताँत’मध्ये आत्या, मावशी, काकू, मामी सगळ्या आल्या. ‘बेल-मेर’ म्हणजे शब्दशः सुंदर आई. त्याचा अर्थ सासूही होतो आणि सावत्र आईही, संदर्भावरून समजायचं. आणि ‘विहीण’ला रोजच्या फ्रेंचमध्ये एक शब्द नाही. ‘ला मेर द मों जाँद्र’, माझ्या जावयाची आई, असं लांबून जावं लागतं. तुमच्या विहीणबाईंना मराठीतला हा शब्दच शिकवा. दोन आयांचं नातं सांगणारा शब्द आपल्याकडे आहे, हे त्यांना आवडेल असं मला वाटतं.

परीक्षेचं थोडक्यात. डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेची ए१ ही पहिली पायरी. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं यांना प्रत्येकी २५ गुण, १०० पैकी ५० मिळाले आणि कशातच ५ पेक्षा कमी नसले की उत्तीर्ण. प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. शब्दाचा अर्थ सांगा असा प्रश्न त्यात नसतो. हुरूप वाटत असेल तर जरूर द्या, पण विहीणबाईंशी बोलायला ती लागत नाही. क्लास लावायचा तर पहिल्या दिवसापासून बोलायला लावणारा बघा.

येत्या रविवारसाठी चार वाक्यं तोंडात ठेवा. पहिलं ‘बोंजूर’. फ्रान्समध्ये दुकानात शिरतानाही आधी हे म्हणतात, आणि त्याशिवाय बोलायला सुरुवात करणं उद्धटपणाचं वाटतं. दुसरं, न कळल्यावर: ‘व्हू पुव्हे रेपेते, सिल व्हू प्ले?’, पुन्हा सांगाल का? तिसरं त्याला जोडून: ‘प्ल्यु लाँतमाँ’, जरा सावकाश. या दोहोंमुळे गेल्या वेळसारखं नुसतं हसून थांबावं लागणार नाही. चौथं तुमच्याकडून: ‘इल प्ल शे व्हू?’, तुमच्याकडे पाऊस आहे का? उत्तर ‘वी’ आलं किंवा ‘नों’ आलं, ते तुम्हाला कळणार.

विहीणबाईंना ‘व्हू’च म्हणा. ‘व्हू’ म्हणजे आपलं ‘तुम्ही’, अनेकांनाही तेच आणि आदरानं एकालाही तेच. ‘त्यु’ म्हणजे तू. आपण अरे-तुरे करणं आणि अहो-जाहो करणं म्हणतो ना, त्यांच्याकडेही त्यासाठी नेमकी दोन क्रियापदं आहेत, ‘त्युत्वाये’ आणि ‘व्हुव्हाये’. ‘व्हू’वरून ‘त्यु’वर यायचं ते विचारून, आणि सुरुवात साधारणपणे वयानं मोठं असेल त्यानं करायची. कधीतरी, कदाचित पुढच्या उन्हाळ्यातच, त्या म्हणतील, ‘ओं प स त्युत्वाये?’ म्हणजे आपण एकमेकींना अगं-तुगं म्हणू या का? तेव्हा उत्तर दोन शब्दांचं आहे: ‘आव्हेक प्लेझीर.’ आनंदानं. ते आजच एका पत्त्यावर लिहून ठेवा.